डाव्या खांद्यावरचे तीन पट्टे

मंजिरीचा फोन आला तेव्हा मी प्लास्टिकच्या शीटवाल्याशी भांडत होते. तो लँडलाइनवर, भाव खाली यायला तयार नाही, आणि टेबलावर मोबाईल वाजतोय. मंजिरी म्हणजे हेमंत लिमयेची धाकटी बहीण. ती मला एरवी कधी फोन करत नसे. मी उचलला तर एवढंच म्हणाली, "शोभाताई, दादा गेला. सकाळी चहा पिता पिता गेला." मी मोबाईल खाली ठेवला, लँडलाइन पुन्हा कानाला लावला आणि शीटवाल्याला म्हटलं, "तुम्ही म्हणाल तो भाव." मग तो दबक्या आवाजात म्हणाला, "ताई, घरी काही झालंय का?" मी रडत नव्हते. पण इतकी वर्षं माझ्याशी व्यवहार केलेल्या माणसाला तेवढ्यावरूनच कळलं...

लिमये गेल्याला आता काही आठवडे झाले. त्याच्या कंपनीने सभा घेतली, त्यात त्याने कुठल्या बँकेचं सॉफ्टवेअर कसं उभं केलं यावर लोक बोलले. ते खरं असेल, मला त्यातलं कळत नाही. मला जो लिमये माहीत होता त्याने एका जुन्या परदेशी अंतराळपटातल्या पहारेकऱ्यांची चिलखतं हुबेहूब बनवण्यात उभं आयुष्य घातलं, आणि ती चिलखतं माझ्या शेडमध्ये, माझ्या यंत्रावर बनली. पिक्चरचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की लोक पिक्चरबद्दल बोलू लागतात आणि माणूस बाजूला राहतो. त्या सभेत अनिकेतने माझी ओळख करून दिली ती "आमच्या व्हेंडर शोभाताई" अशी. अनिकेत आमच्याच चिलखतवाल्या गटातला, खराडीला सॉफ्टवेअरमध्ये आहे, मुलगा वाईट नाही. पण व्हेंडर. मी उठून जाणार होते. मंजिरीने हात धरून बसवलं. म्हणून हे लिहायला घेतलंय, ज्याला वाटेल त्याने वाचावं.

मी मूळची वर्ध्याकडची. लग्न होऊन पुण्यात आले, नवऱ्याची कंपनी बंद पडली, आणि एका मोडीत निघालेल्या व्हॅक्यूम फॉर्मिंगच्या यंत्रावर मी पुण्याच्या कडेला मांजरी गावात शेड टाकली. पुढे रस्ता, मागे ऊस. पेढ्याच्या खोक्यात खाचाखाचांचा पातळ ट्रे असतो ना, तो मी करायचे. काम सोपं आहे, म्हणजे सांगायला. प्लास्टिकची शीट तापवायची, ती मऊ होऊन मधोमध झोळीसारखी लोंबली की साच्यावर ओढायची आणि खालून हवा खेचून घ्यायची. शीट साच्याला चिकटून बसते, थंड झाली की तोच आकार. तापवणं कमी पडलं तर कोपरे उमटत नाहीत, जास्त झालं तर भोक पडतं. त्या मधल्या क्षणावर माझं घर चाललं.

एका दुपारी कोथरूडहून एक गृहस्थ स्कूटरवर आले. पायांमध्ये चादरीत गुंडाळलेलं काहीतरी. ते त्यांनी दोन्ही हातांनी उचलून माझ्या टेबलावर ठेवलं आणि चादर काढली. पीओपीचा पांढरा फुगवटा. मला वाटलं गणपतीच्या आराशीचं काम आहे.

"काय आहे हे?" मी विचारलं.

"छाती."

"कोणाची?"

"पहारेकऱ्याची. चंद्रावरच्या तळावर असतो तो." आणि मग, जणू आता सगळं स्पष्ट झालं अशा स्वरात, "पाठ अजून व्हायची आहे."

माणूस वेडा असला तर आगाऊ पैसे घ्यावेत हा माझा नियम. मी तोंडाला येईल तो आकडा सांगितला. तो "बरं" म्हणाला. मला इतका राग आला की विचारू नका. मी भाव सांगते तो पुढे घासाघीस व्हावी म्हणून. समोरच्याने थोडं ओढावं, मी थोडं सोडावं, यात एकमेकांची ओळख होते. जो माणूस पहिल्या आकड्याला "बरं" म्हणतो त्याला आपल्याशी बोलायचंच नसतं, असं मला वाटतं. मी म्हटलं, "साहेब, तुम्हाला सौदा येत नाही." तो म्हणाला, "येतो. पैशाचा नाही येत." आणि तो खरंच बोलत होता. साचा यंत्रावर चढवण्याआधीच मी सांगितलं की कडा सरळ उभ्या आहेत, त्यांना थोडा उतार द्या, नाहीतर शीट साच्यात अडकून बसेल. तर हा माणूस, जो पैशाला एका शब्दात तयार झाला, तो उतारावर चहा निवेपर्यंत भांडला. "पडद्यावर कड सरळ आहे." मी म्हटलं, "पडद्यावर यंत्र दिसतं का? ते माझं आहे." शेवटी तो म्हणाला, "ठीक. उतार तुमचा. पण पाठीवर चार बोल्ट बसवायचे, ते माझे." "पाठीवर कशाला? वरून तर बांधायचा पट्टा येणार, दिसणार कोणाला?" "मला," तो म्हणाला.

तेव्हापासून आमच्या कामाची ती रीतच होऊन गेली. एक तुमचं, एक माझं. मला जोड कडेला घ्यायचा असेल तर मांडीच्या पट्टीवर त्याला हवी ती निरुपयोगी खाच. मला चिकटवण्याऐवजी रिव्हेट मारायचे असतील तर शिरस्त्राणाच्या कानाशी त्याच्या त्या जाळ्या. लिमयेने मला पुढे कॉम्प्युटरवर साच्याचे आराखडे काढायला शिकवलं. त्यावर मी औषधांच्या बाटल्यांचे, मोबाईलच्या चार्जरचे ट्रे करू लागले आणि पेढ्यांतून बाहेर पडले. लोक म्हणतात, केवढं केलं त्याने तुमच्यासाठी. केलंच. पण फुकट नाही. त्या शिकवणीच्या बदल्यात त्याने गुडघ्याच्या वाट्या पुन्हा पहिल्यापासून करून घेतल्या, कारण त्या "अंमळ गोल" होत्या. मला फुकट काही दिलं असतं तर मी ते घेतलंच नसतं, हे त्याला बरोबर माहीत होतं.

तो हे सगळं मोजायचा कुठून? कॅसेटवरून. कोथरूडच्या त्याच्या फ्लॅटमध्ये भर दुपारी पडदे ओढून तो टीव्हीसमोर बसायचा, व्हीसीआरवर चित्र थांबवायचा, आणि थांबलेल्या चित्रात आडव्या रेघा नाचायला लागल्या की डोळे बारीक करून कागदावर काहीतरी टिपायचा. मीही कित्येकदा बसले आहे. मंजिरी पोहे आणून ठेवायची आणि म्हणायची, "शोभाताई, तुम्ही तरी धड डोक्याच्या आहात असं वाटलं होतं." त्या पिक्चरमध्ये पहारेकऱ्यांच्या एका तुकडीचा नायक आहे. बाकी सगळे पांढरे-करडे, याच्या एका खांद्यावर तांबूस आडवे पट्टे. हाच त्याचा हुद्दा. तो दिसतो फक्त दोनदा, एकदा बोळातून येताना आणि एकदा फाटकापाशी. कॅसेटवर आम्ही ते पट्टे चार मोजले होते. मग सीडीचा जमाना आला आणि चौथा पट्टा हा पट्टा नसून ओरखडा आहे असं दिसलं. लिमयेने दोन दिवस टीव्ही लावला नाही. मी म्हटलं, "एका सीडीपायी बिचाऱ्याची बढती गेली." तो हसला नाही. म्हणाला, "आपण चुकीच्या माणसाला सलाम करत होतो."

पाच चिलखतं झाली. फ्रिजच्या आतल्या भिंतींना वापरतात त्याच पांढऱ्या शीटची. एक लिमयेचं, एक अनिकेतचं, दोन अनिकेतच्या कंपनीतल्या पोरांची, आणि एक माझं. हो, माझं. सगळ्यांच्या मापाला मीच यंत्रावर उभी होते, मग माझं एक का नको? पाचांत एकाच्या खांद्यावर पट्टे येणार होते. ते कोणाच्या, हे ठरायचं होतं, आणि ते कोणी ठरवायचं याबद्दल शंका नव्हती, लिमयेने. मला वाटत होतं, किंबहुना मी धरूनच चालले होते, की ते माझे. पाचही छात्या मी ओढल्या, पाचही शिरस्त्राणं मी कापली, शीट वितळून हातावर पडल्याचे डाग अजून आहेत. मी त्याला सरळच विचारलं. आडून विचारणं मला जमत नाही.

तो म्हणाला, "शोभाताई, पडद्यावरचा नायक बाकीच्यांपेक्षा वीतभर उंच आहे. तुम्ही वीतभर कमी आहात. यात मी काय करू?"

"काहून? उंचीवर हुद्दा मिळते का?" चिडले की माझ्या तोंडी वर्धा येतं.

"मिळत नाही. पण दिसतो." आणि अनिकेतच्या खांद्यावर पट्टे काढायला मलाच सांगितले. वर पुन्हा, स्टिकर नको, रंगच हवा, कारण पडद्यावर ब्रशचे फराटे दिसतात आणि मधला पट्टा शेवटी किंचित हललेला आहे. मी तोही हलवून काढला. काम म्हणजे काम.

मग अनिकेतच्या खराडीच्या कंपनीचा फॅमिली डे. आम्ही पाच जणांनी गाडीतून उतरून रस्त्यावरच चिलखत घातलं, कारण घातलं की बसता येत नाही आणि बसलं की उठता येत नाही. फाटकावर खरा सुरक्षारक्षक. त्याच्या बाहीवर दोन फिती. त्याने आम्हा पाचांकडे पाहिलं, नजर फिरवली, आणि थेट अनिकेतसमोर उभा राहून म्हणाला, "साहेब, तुमची माणसं किती?" आम्ही त्याची माणसं. आत गेल्यावर पाणी आलं तेही आधी पट्टेवाल्याला, स्ट्रॉ घालून. मी शिरस्त्राणाच्या फटीतून पाहत होते. त्या फटीतून एका वेळी एकच गोष्ट दिसते, आणि मला दिवसभर तो तांबडा खांदाच दिसत राहिला. स्टेजवर निवेदिकेने अनिकेतला पुढे बोलावलं, "कमांडर" म्हणून टाळ्या मागितल्या, आणि हे सगळं तुम्हीच बनवलंत का असं विचारलं. अनिकेतने मान हलवली. नंतर म्हणाला, आवाज बाहेर जात नव्हता, म्हणून हो-नाही काहीच सांगता आलं नाही. असेल. मी स्टेजवरच शिरस्त्राण काढलं, बगलेत मारलं आणि चालू लागले. समोरची पोरं ओरडली, "अरे, ही तर बाई आहे!" त्याचंही वाईट वाटलं नाही.

पार्किंगमध्ये लिमये मागून धावत आला. धावत म्हणजे त्या मांडीपट्ट्यांत जेवढं धावता येतं तेवढं. मला वाटलं, समजूत काढेल. तो म्हणाला, "पडद्यावर एकही पहारेकरी शिरस्त्राण काढत नाही. एकही."

त्यानंतर आम्ही बरेच महिने बोललो नाही. मी त्याचे साचे शेडच्या मागच्या भिंतीला लावून ठेवले, त्यांवर ताडपत्री टाकली. टाकून दिले नाहीत, हे खरं आहे, पण ते कोणाला सांगायची गरज नव्हती.

मग एक दिवस स्कूटर थांबल्याचा आवाज आला. त्याने आता मोटारही घेतली होती, पण मांजरीला तो स्कूटरवरच यायचा, कारण आमच्या रस्त्यावर मोटारीचं काय होईल याची त्याला काळजी. आत आला, नमस्कार नाही, चमत्कार नाही, पिशवीतून एक डीव्हीडी काढली आणि माझ्या कॉम्प्युटरमध्ये घातली. तीच फिल्म, पण धुऊन पुसून नवी केलेली, प्रत्येक बोल्ट दिसतोय. त्याने एका जागी थांबवलं. पहारेकरी एका बुटक्या दारातून आत शिरताहेत. एक वाकला, दुसरा वाकला, तिसरा...

"हे बघा," तो म्हणाला.

तिसरा वाकला नाही. ताठ मानेने सरळ आत गेला.

"सगळे वाकतात. हा एकटा वाकत नाही. उंचीला कमी आहे म्हणून," लिमये म्हणाला. "हे शोधायला मला सगळा पिक्चर पुन्हा फ्रेम फ्रेम बघावा लागला. कॅसेटवर हे दार अंधारात होतं. हा तुमचा."

मी म्हटलं, "म्हणजे मी बुटकी हे आता पुराव्यानिशी सिद्ध झालं."

"मी कुठे बुटकी म्हणालो? दार उंच आहे म्हणा."

"आणि याच्या खांद्यावर पट्टे?"

"नाहीत," तो म्हणाला. "याला पट्टे नाहीत. मी काय करू?"

लिमये असा होता. माणूस महिनोन्‌महिने बसून तुमच्यासाठी एक जागा शोधून आणेल, खास तुमच्या उंचीची, आणि त्यावर एक ठिपकाही जास्तीचा देणार नाही. मी चहा ठेवला. ताडपत्री काढली. पण माझी तक्रार मी सोडली नाही, आणि आजही सोडलेली नाही. दारातून ताठ जाणारा पहारेकरी मला आवडतो. पण पट्टे मला हवे होते.

त्याच डीव्हीडीने नवा वाद उकरून काढला, आणि तो अखेरपर्यंत पुरला. बोळातल्या दृश्यात नायकाचे पट्टे उजव्या खांद्यावर आहेत, फाटकाच्या दृश्यात डाव्या. कॅसेटवर फाटकाचं दृश्य इतकं धुरकट होतं की आम्ही कधी लक्षच दिलं नव्हतं. आता दोन्हीतलं एक दृश्य उलटं छापलेलं असणार. लग्नाच्या अल्बममध्ये कधी नेगेटिव्ह उलटी लागते आणि नवरा डाव्या हाताने घास भरवताना दिसतो, तसं. पण उलटं कुठलं? माझं म्हणणं, फाटकाचं, कारण तिथे सगळे डाव्या हाताने सलाम करतात. लिमये म्हणाला, "त्या तळावर डाव्या हातानेच सलाम करत असतील. तुम्ही गेला होतात का तिथे?" त्याचं म्हणणं, बोळाचं उलटं, कारण तिथे शिरस्त्राणावरचा एक पोचा इतर दृश्यांपेक्षा दुसऱ्या बाजूला आहे. मी म्हटलं, तो पोचाच आहे हे कशावरून, सावली असेल. तो इंटरनेटवर जगभरच्या वेड्यांशी बोलून आला. तिथेही निम्मे इकडे, निम्मे तिकडे. आमचा फोन सुरू व्हायचाच असा: "काय, कुठला खांदा?" "उजवा." "बरं, कामाचं बोला."

पण लिमयेला हे नुसतं बोलून पुरत नव्हतं. त्याला डावा खांदा करून हवा होता. अनिकेतचे पट्टे उजव्यावर होते, त्याला ते डाव्यावर घ्यायचे होते. नवा खांदा ओढून, त्यावर नवे पट्टे. आणि मी तो खांदा करून देत नव्हते. "चुकीचं काम माझ्या शेडमधून जाणार नाही," असं मी सांगितलं होतं. खरं कारण त्यालाही ठाऊक होतं. एक तुमचं, एक माझं ही रीत आमच्यात इतकी मुरलेली होती की माझं मिळाल्याशिवाय मी त्याचं देणार नव्हते. तो दुसऱ्या कोणाकडून करून घेऊ शकला असता. पुण्यात आता अशी यंत्रं पुष्कळ आहेत, पोरं थ्रीडी प्रिंटरवर घरीच छापून काढतात. तो कोणाकडे गेला नाही.

शेवटचा आला तो जाण्याच्या थोडेच दिवस आधी. दमलेला वाटला, पण त्याला विचारलं तर म्हणाला, रस्त्यावर एवढी ट्रॅफिक आहे की माणूस बसून दमतो. शेडच्या मागे आता ऊस नाही, इमारती आल्या आहेत. तो उलट्या क्रेटवर बसून त्यांच्या बाल्कन्या बघत होता. मी चहा दिला. चहा संपवून म्हणाला, "डावा खांदा करणार का?"

"पट्टे मला देणार का?"

त्याने खरोखर विचार केला. हे मला विसरता येत नाही. चटकन नाही म्हणाला नाही. कप हातात फिरवत बसला, माझ्याकडे पाहिलं, अगदी माप घेतल्यासारखं, आणि मग म्हणाला, "नाही हो. उंची."

"मग मीही नाही."

"बरं," तो म्हणाला आणि हसला. स्कूटरचं हेल्मेट घातलं, काच वर केली आणि फाटकातून ओरडला, "दोघंही मूर्ख आहोत, शोभाताई." मी ओरडले, "तुमच्यापुरतं बोला, माझं मी बघून घेईन." गेला...

सभेनंतर चार-पाच दिवसांनी अनिकेत आणि ती दोघं पोरं शेडवर आली. बरोबर मंजिरी. गाडीच्या मागच्या सीटवर लिमयेचं चिलखत, एका स्वच्छ चादरीत. मंजिरी म्हणाली, "घरात ठेवते मी, पण यांचं काहीतरी म्हणणं आहे." अनिकेतने घसा साफ केला. म्हणणं असं की पुढच्या कार्यक्रमात सरांचं चिलखत मधोमध उभं करायचं, हार घालायचा नाही, पण त्याच्या खांद्यावर नायकाचे पट्टे काढायचे. "ताई, इट्स अ ट्रिब्यूट. ही वॉज अवर कमांडर." आणि ते मी काढावेत.

मी म्हटलं, "नाही."

अनिकेत गडबडला. मग त्या दोघांपैकी एक पोरगा हळूच म्हणाला, "ताई, जुनं असेल काही मनात, पण आता तरी..." त्यांना वाटलं, मी पट्ट्यांचा हिशेब मेलेल्या माणसाकडून वसूल करतेय. माझा आवाज चढला. मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहिता येणार नाही. थोडक्यात असं की लिमयेला तुम्ही ओळखलंच नाही. तो कायम शेवटी चालायचा, कारण पिक्चरमध्ये शेवटच्या पहारेकऱ्याच्या पाठीवर ते चार बोल्ट आहेत आणि दार तो लावतो. त्याने ती जागा स्वतःसाठी निवडली होती. तिथे पट्टे नाहीत. ज्याने मला एक ठिपका जास्तीचा दिला नाही, त्याच्या अंगावर तुम्ही तीन पट्टे फुकट चढवणार? पडद्यावर नाही ते तुम्ही त्याच्या खांद्यावर काढाल आणि त्याला मान दिला म्हणाल? "तो जिवंत असता तर त्यानेच तुम्हाला या शेडच्या बाहेर काढलं असतं. तो नाही, म्हणून मी काढते."

मंजिरी चादरीची घडी नीट करत होती. मग ती म्हणाली, "दादा म्हणायचा, शोभाताई माझ्याशी बरोबर भांडतात. बाकीचे नुसते हो म्हणतात." आणि चादर तशीच, न उलगडता, परत गाडीत नेऊन ठेवली. त्याचं चिलखत कोरं राहिलं.

अनिकेत मात्र गेला नाही. तो गाडीकडे जाऊन परत आला, आणि हातात नमुन्याला आणलेला त्याचा स्वतःचा खांदा, उजवा, तीन पट्ट्यांचा, मीच काढलेला. म्हणाला, "ताई, हे मला नकोत. त्या दिवशी स्टेजवर मी मान हलवली होती. हो म्हणूनच हलवली होती. आता पट्टे तुम्ही घ्या. सगळ्यांचं तेच म्हणणं आहे." मी तो खांदा हातात घेतला. हलका असतो, फ्रिजची शीट. जे मला इतकी वर्षं हवं होतं ते असं माझ्या हातात आलं होतं, आणि ज्याच्याकडून हवं होतं तो नव्हता. मी मोठं मन करून नको म्हणाले, असं लिहिलं तर तुम्हाला बरं वाटेल. पण मी तशी नाही. मी म्हटलं, "घेईन. पण हा खांदा नाही. नवा करीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र तापवलं. शीट लोंबली, माझ्या मापाच्या साच्यावर ओढली, हवा खेचली. थंड झाल्यावर कडा कापल्या, घासल्या. मग तांबूस रंग कालवला आणि तीन पट्टे काढले, फराट्यांसकट, मधला शेवटी किंचित हलवून. डाव्या खांद्यावर.

चुकीच्या. मला अजूनही खात्री आहे की उजवाच बरोबर, आणि फाटकाचं दृश्य उलटं छापलंय. सलाम डाव्या हाताने कोणी करत नाही, चंद्रावरही नाही. पण सौदा अर्धवट पडून राहिलेला मला सहन होत नाही. त्याला डावा खांदा हवा होता, तो मी दिला. मला पट्टे हवे होते, ते वीतभर कमी उंचीला बसले, म्हणजे उंचीचं त्याला सोडावं लागलं. एक त्याचं, एक माझं. तो समोर असता तर कप फिरवत बसला असता, मग "बरं" म्हणाला असता. निदान मी तरी तसं धरून चालले आहे.

तो खांदा आता यंत्राशेजारच्या खिळ्याला टांगलेला असतो. परवाच एक ओळखीचा पोरगा आला, जाणकार होता, बघताक्षणी म्हणाला, "ताई, हे चुकलंय. पट्टे उजव्या खांद्यावर पाहिजेत."

मी त्याला क्रेटवर बसवलं, चहा ठेवला आणि म्हटलं, "तू गेला होतास का तिथे?"